कामाची खतावणी कुणाच्या कपाटात?

माझी बहीण गंगापूर रोडला राहते. तिच्या घरी गेली दोन वर्षे रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास आतल्या खोलीतून भाचीचा आवाज ऐकू येतो. "ते मी काल जिरामध्ये टाकलंय." "जिरामध्ये नसेल तर ते काम झालंच नाही असं धरतात, त्याला सांगा." पहिल्यांदा हे कानावर पडले तेव्हा बहीण हातातला झारा घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, "जिरं परवाच संपलंय. नुसती मोहरी टाकलीय मी." घरात बराच वेळ हशा झाला. पण हळूहळू हा शब्द बहिणीच्याही तोंडी रुळला. पोरगी इतकी दमलेली का दिसते असे शेजारच्या काकूंनी विचारले, तर ती सांगते, "तिचं जिरा संपत नाही ना!"

भाची पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काम नाशिकहून, घरूनच करते. महिन्यातून एखाद्या वेळी पुण्याला जाऊन येते. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या आज्ञावलीची देखभाल तिच्या तुकडीकडे आहे, आणि जिरा म्हणजे या तुकडीची कामाची वही. लग्नघरात भिंतीला एक यादी डकवलेली असते: मांडववाल्याला सांगणे, गुरुजींना दक्षिणा, मामांना स्टेशनवर घ्यायला जाणे, आणि प्रत्येक कामापुढे एक नाव. जिरा ही अशीच यादी, फक्त भिंत संगणकाच्या पडद्यावर. एकेक काम एकेका चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठ्यांचे तीन रकाने: 'करायचे', 'चालू', 'झाले'. चिठ्ठी डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि ती कोणी, कधी, किती वाजता सरकवली याची नोंद आपोआप होते. लग्नघरातल्या यादीत ही सोय नव्हती. मामा स्टेशनवर ताटकळले तरी 'आणले' अशी खूण करून आपण मोकळे होत होतो.

मी सदतीस वर्षे बँकेत काढली. त्यातली निम्मीअधिक डे-बुक, खतावणी, व्हाउचर आणि न जुळणारा फरक यांच्या सहवासात. त्यामुळे भाचीच्या पडद्याकडे पाहताना मला तंत्रज्ञान कमी आणि खतावणीच जास्त दिसते. आज नाशिक-पुण्यातल्या किती घरांतली मुले रोज या वहीसमोर बसतात! त्यांच्या बढत्या, पगारवाढी आणि अलीकडे नोकऱ्यासुद्धा या नोंदींशी जोडल्या जाऊ लागल्या आहेत. तेव्हा ही वही कोणी तयार केली, तिच्यात काय मावते, काय मावत नाही, आणि ती कुणाच्या कपाटात आहे, हे घरातल्या मोठ्यांनीही एकदा समजून घ्यायला हवे.

जिरा तयार करणाऱ्या कंपनीचे नाव अॅटलासियन. २००२ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला माइक कॅनन-ब्रुक्स आणि स्कॉट फारक्वार या विशीतल्या दोन मित्रांनी ती सुरू केली. भांडवल म्हणाल तर क्रेडिट कार्डावर उचललेले सुमारे दहा हजार डॉलर. आमच्या पेशातल्या माणसाला इथे हटकून दुसरा दहा हजारांचा आकडा आठवतो. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. दोन्हीकडे बँक कुठेच नाही! तारण नसलेल्या डोक्याला कर्ज कसे द्यायचे हे आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते. असो.

नावाची कथा गमतीची आहे. आज्ञावलीतल्या चुकांची नोंद ठेवायला तेव्हा 'बगझिला' नावाचे एक मोफत साधन वापरात होते. गॉडझिला या सिनेमातल्या अक्राळविक्राळ प्राण्याचे मूळ जपानी नाव गोजिरा. त्यावरून या मंडळींनी बगझिलाला आपसात 'गोजिरा' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे स्वतःचे साधन केले तेव्हा त्यातला 'गो' गाळला. म्हणजे जिराचा जिऱ्याशी संबंध नाही. मराठी 'गोजिऱ्या'शी तर नाहीच नाही.

सुरुवातीला ही होती निव्वळ चुकांची वही. संगणकाच्या धंद्यात चुकीला 'बग', म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द यंत्रांच्या संदर्भात जुनाच, पण १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका अगडबंब संगणकात खरोखरचा पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती नोंदवही अजून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मला त्या अनाम कर्मचाऱ्याविषयी फार आपुलकी वाटते. काय झाले, केव्हा झाले आणि हा घ्या पुरावा! व्हाउचर जोडलेली नोंद म्हणजे आणखी काय असते?

चुकीची नोंद ठेवण्यात कमीपणा नाही, उलट त्यातच शहाणपण आहे, हे या व्यवसायाला लवकर कळले. अॅटलासियनने दारोदार विक्रेते न पाठवता किंमत उघड लावून, इंटरनेटवरून हे साधन विकले आणि ते जगभर गेले. २०१५ च्या डिसेंबरात कंपनीचे समभाग अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात आले. २०१७ साली तिने 'ट्रेलो' हे चिठ्ठ्यांचेच दुसरे लोकप्रिय साधन सव्वाचारशे दशलक्ष डॉलरना विकत घेतले. जून २०२५ अखेरच्या वर्षात तिचे उत्पन्न पाच अब्ज डॉलरच्या वर गेले. कामाची वही विकून पाच अब्ज! आमच्या मेन रोडच्या वहीवाल्यांनी हे ऐकले तर दिवाळीला वह्यांची पूजा दोनदा करतील.

मात्र या वाटेवर वहीचे रूप पालटत गेले. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा प्रांतात सतरा अनुभवी सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी 'अॅजाइल' नावाचा एक छोटासा जाहीरनामा काढला. त्यात पहिलाच मान होता तो माणसांना आणि त्यांच्या आपसातल्या बोलण्याला. पद्धती आणि साधने त्यानंतर. नियतीचा विनोद असा की या विचाराच्या लाटेवर सर्वांत मोठा धंदा झाला तो साधने विकणाऱ्यांचाच.

चिठ्ठ्यांचे रकाने आले ते जपानकडून. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर 'कानबान' पद्धत बसवली. कानबान म्हणजे पाटी किंवा फलक. पुढच्या माणसाकडून रिकामी चिठ्ठी आल्याशिवाय मागच्याने नवा भाग तयार करायचा नाही, हा तिचा गाभा. आपल्या सातपूर-अंबडकडे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांना हा शब्द नवा नाही. कर्जखात्यात असताना अशा एका छोट्या कारखान्याची तपासणी करायला मी गेलो होतो. मालाचा साठा फारच कमी दिसला म्हणून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. आमच्या हिशेबी साठा हेच तारण. मालक हसून म्हणाले, "साहेब, कानबान आहे. साठा पडून राहिला तर आम्ही चुकलो." कामगाराच्या पुढ्यात झेपेल तेवढेच काम असावे यासाठी ती चिठ्ठी होती. भाचीच्या 'चालू' रकान्यात परवा एकाच वेळी सात चिठ्ठ्या होत्या. ओनो साहेबांनी पाहिले असते तर यंत्र थांबवले असते.

आता ही वही आपल्या मुलांच्या इतकी गळ्यात का पडली? त्याचे उत्तर अंतरात आहे. गिऱ्हाईक अमेरिकेत, काम करणारा नाशिकला. त्याने आपल्याला पाहिलेले नाही, आपण त्याला पाहिलेले नाही, आपण जागे तेव्हा तो झोपलेला. अशा वेळी विश्वास ठेवायचा तो नोंदीवरच. भारतीय कंपन्यांनी हे फार लवकर ओळखले. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शिस्तीची पाच पायऱ्यांची मोजपट्टी बनवली, तेव्हा सर्वांत वरची पायरी गाठण्याची चढाओढ सगळ्यात जास्त आपल्याकडे लागली. इन्फोसिस १९९९ साली तिथे पोहोचली. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर धंद्याची इमारत या नोंदींच्या पायावर उभी आहे, हे विसरून चालणार नाही. भाचीच म्हणते, "मामा, मी मराठी माध्यमातली. मीटिंगमध्ये फाडफाड बोलता येत नाही मला. पण चिठ्ठीवर मी शोधलेली चूक माझ्या नावावर राहते, ती कोणाला ढापता येत नाही." वहीचा हा उपकार मोठा आहे आणि तिची निंदा करणाऱ्याने तो आधी मान्य करावा.

बिघाड सुरू होतो तो गुणांपासून. प्रत्येक चिठ्ठीला तिच्या अवघडपणानुसार गुण द्यायची पद्धत पडली आहे: १, २, ३, ५, ८, १३. (मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. ही माळ आपल्याकडे छंदांच्या मात्रा मोजताना हेमचंद्राने बाराव्या शतकातच सांगितली होती. जगात ती फिबोनाचीच्या नावाने चालते.) काम किती दिवस चालेल याचा तुकडीने आपसात बांधलेला अंदाज, एवढाच या गुणांचा मूळ उपयोग. परंतु आकडा दिसला की वरच्या साहेबाला त्याची बेरीज करावीशी वाटते, बेरीज झाली की तुलना, आणि तुलना झाली की उद्दिष्ट. ही कल्पना ज्यांच्या नावावर सांगितली जाते त्या रॉन जेफ्रीज यांनी तिचा पुढे झालेला वापर पाहून जाहीर खेद व्यक्त केला आहे.

मला यात नवल वाटले नाही. मार्चअखेर ठेवींचे उद्दिष्ट गाठणे म्हणजे काय, हे बँकवाल्याला सांगायला नको. ३१ मार्चला संध्याकाळी एखाद्या ओळखीच्या संस्थेची मोठी रक्कम पाहुणी म्हणून यायची, रात्री ताळेबंदात मिरवायची आणि १ एप्रिलला सकाळी चहासुद्धा न घेता परत जायची. शाखेचा आकडा पूर्ण! चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने बँक ऑफ इंग्लंडमध्ये काम करत असताना, १९७५ साली, हे सूत्ररूपात मांडले: मोजमापाचे उद्दिष्ट केले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. भाचीच्या तुकडीतही पाहुणे येतात. एका कामाच्या चार चिठ्ठ्या करायच्या, म्हणजे चार वेळा 'झाले'. सोप्या चिठ्ठ्या सकाळी लवकर लॉगिन करून उचलायच्या. किचकट चिठ्ठी रकान्याच्या तळाशी महिनोन्महिने पडून. गेल्या तिमाहीत भाचीचे गुण तुकडीत सर्वांत कमी भरले. त्या तीन महिन्यांत तिने दोन नव्या मुलांना हाताशी धरून काम शिकवले होते आणि एका रात्री अडीच वाजेपर्यंत बसून दाव्यांची रक्कम दुप्पट दाखवणारी चूक हुडकली होती. शिकवण्याची चिठ्ठी नव्हती. चुकीची चिठ्ठी होती. तिला तीन गुण मिळाले, कारण सापडल्यावर दुरुस्ती अवघी एका ओळीची निघाली.

या ठिकाणी माझाही एक कबुलीजबाब द्यायला हवा. २००७ च्या सुमारास आमच्या बँकेच्या सर्व शाखा एकाच संगणकप्रणालीवर न्यायचे काम जोरात होते. मी तेव्हा निफाड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. मुख्य कचेरीत भिंतभर तक्ता लावलेला आणि त्यात शाखेपुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका. खातेदारांची माहिती भरून झाली की हिरवा. पण शेकडो जुन्या खात्यांवर जन्मतारीखच नव्हती आणि यंत्र ती भरल्याशिवाय पुढे सरकेना. मुदत संपत आली तेव्हा तोंडी सूचना आली की सापडत नसेल तिथे १ जानेवारी १९६० घाला. आम्ही घातली. मीही घातली. आमचा ठिपका हिरवा झाला आणि अभिनंदनाचा फोनही आला.

पुढे काही महिन्यांनी एक म्हातारी बाई पावती घेऊन आल्या. द्राक्षाच्या पैशांतून ठेवलेली ८०,००० रुपयांची मुदतठेव. नूतनीकरण झाले ते ज्येष्ठ नागरिकांना मिळणारा अर्धा टक्का न धरता. "साहेब, मला सत्तरी लागली," त्या म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरला दिसत नाही होय?" कॉम्प्युटरच्या हिशेबी त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. वर्षाला चारशे रुपयांचा प्रश्न होता. वयाचा दाखला घेऊन मी तो दुरुस्त केला आणि नंतर महिनाभर संध्याकाळी बसून जुने अर्ज काढून तारखा तपासल्या. बऱ्याच सापडल्या, सगळ्या नाही. या कामाला तक्त्यावर जागा नव्हती. तिथे आमची शाखा केव्हाच हिरवी झाली होती.

म्हणून चिठ्ठ्यांच्या बेरजेवरून माणसाची किंमत ठरवली जाते असे ऐकले की मी सावध होतो. आणि आज ही भीती काल्पनिक राहिलेली नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२५ च्या जूनमध्ये नियम केला की कर्मचाऱ्याचे वर्षातले किमान २२५ दिवस गिऱ्हाइकाच्या बिलात धरले गेले पाहिजेत आणि बिनकामाचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे बारा हजार माणसे, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. कौशल्यांचा मेळ बसत नाही, असे कारण दिले. ही कपात जिराच्या गुणांवरून झाली असे मी म्हणत नाही. परंतु माणसाचा दिवस बिलात बसतो की नाही हे जिथे मोजले जाते, तिथे दिवसाच्या आतले तासही मोजले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या महिन्यात नाशिकच्या कितीतरी घरांत रात्रीची जेवणे मुकाट्याने झाली असतील.

इथे मला एक जुना करार आठवतो. मी बँकेत लागलो त्या १९८३ सालीच इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात बँकांत यंत्रे कुठे आणि किती आणायची याबद्दल करार झाला होता. पुढे रंगराजन समितीचा अहवाल आला, लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्या काळी आम्हा संघटनावाल्यांची 'प्रगतीचे शत्रू' म्हणून पुष्कळ टिंगल झाली, आणि काही अंशी ती वाजवीही होती. संगणकाला नुसता विरोध करण्यात आम्ही मौल्यवान वर्षे घालवली. पण एक गोष्ट होती. यंत्र टेबलावर येण्याआधी त्याच्यावर बोलायला कर्मचारी टेबलापाशी बसत होता. भाचीला ते टेबलच माहीत नाही. पुण्यात 'नाइट्स' नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, टीसीएसच्या निर्णयाविरुद्ध तिने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रारही केली; पण भाचीच्या तुकडीत कोणी तिचे सभासद नाही. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याकडे पाहावे, तर नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला मालकाला त्यात वेगळ्या संमतीची अट नाही. तेव्हा चिठ्ठी केव्हा सरकली याची नोंद कोण, कशासाठी वापरतो, हे विचारायची खिडकी तिला अजून सापडलेली नाही.

राहता राहिला कपाटाचा प्रश्न. पूर्वी कंपन्या जिरा विकत घेऊन आपल्या इमारतीतल्या संगणकावर ठेवत. अॅटलासियनने २०२१ मध्ये अशा छोट्या परवान्यांची विक्री थांबवली आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला त्यांची देखभालही बंद केली. मोठ्या कंपन्यांसाठी 'डेटा सेंटर' नावाचा एक प्रकार उरला होता. तोही २०२९ च्या मार्चअखेर संपेल असे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे वही यापुढे त्यांच्याच कपाटात, ज्याला 'क्लाउड' असे काव्यात्म नाव आहे. नाशिककरांना या ढगाचे रहस्य माहीत असायला हरकत नाही, कारण त्याचा एक तुकडा सातपूरला जमिनीवरच आहे. पीयूष सोमाणी यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ईएसडीएस कंपनीचे डेटा सेंटर तिथे आहे आणि अनेक सहकारी बँकांचा कारभार तिच्या यंत्रांवर चालतो. ढग म्हणजे अखेर कुणाचा तरी पत्रा आणि कुलूप असलेला संगणकांचा गाळा.

आणि कुलूपवाल्याच्याही हातून चुका होतात. ५ एप्रिल २०२२ रोजी अॅटलासियनच्या माणसांनी एक जुनी जोडआज्ञावली पुसून टाकायची आज्ञा दिली. क्रमांक द्यायचे होते त्या जोडआज्ञावलीचे. दिले गेले गिऱ्हाइकांच्या अख्ख्या खात्यांचे. शिवाय आज्ञा होती कायमचे पुसण्याची. ७७५ गिऱ्हाइकांच्या वह्या दिसेनाशा झाल्या आणि शेवटची परत मिळायला १८ एप्रिल उजाडला. दोन आठवडे कित्येक तुकड्यांना आपण काय करत होतो हेच कळेना. कंपनीने नंतर सगळी चूक सविस्तर लिहून जगापुढे ठेवली, हे मात्र मानले पाहिजे. नोंदवहीत पतंग चिकटवण्याची परंपरा अजून शिल्लक आहे म्हणायची.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०२३ साली स्पष्ट निर्देश काढले: संगणकसेवा बाहेरून घ्या, पण जबाबदारी तुमचीच, तपासणीचा हक्क राखून ठेवा आणि त्या सेवेतून बाहेर पडायची वाट आधी आखा. पैशाच्या खतावणीला हे संरक्षण आहे. श्रमाच्या खतावणीवर असा कोणी वडीलधारा नाही. तिचे मोल मात्र वाढतेच आहे. अॅटलासियनने २०२४ मध्ये बाजारात आणलेला 'रोवो' हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस या चिठ्ठ्याच वाचून उत्तरे देतो. एखादी चूक कशी शोधायची याबद्दल भाचीने सहा वर्षांत जे जे लिहिले, ते त्याला वाचायला आयते समोर आहे.

दुसऱ्या वह्या नाहीत असे नाही. पुण्यातलीच 'सेलोक्सिस' २००१ पासून, म्हणजे जिराच्याही आधीपासून, प्रकल्प-व्यवस्थापनाचे साधन बनवते. चेन्नईच्या झोहोचे आहे. रेडमाइनसारखी मोफत साधने स्वतःच्या संगणकावर ठेवता येतात. पण वही कोणती वापरायची हे बहुधा गिऱ्हाईक ठरवते आणि आपला धंदा मुख्यतः तास विकण्याचा राहिला. वही विकण्याचा फारसा झाला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने हौसेने माझ्या रखडलेल्या कादंबरीचा एक फलक बनवून दिला. प्रकरण १ ते ८ 'झाले', नववे 'चालू', पुढची 'करायचे'. आठवड्याभरात मी पाचवे प्रकरण 'झाले'मधून उचलून परत 'चालू'त टाकले, कारण त्यातला तलाठी मला खोटा वाटू लागला होता. पडद्यावर लगेच लाल रेघ आली: काम मागे गेले! नववे तर पाच महिने हललेच नाही. "मामा, हे अडकलंय की सोडून दिलंयस?" तिने विचारले. मी म्हणालो, दोन्ही नाही. ते उचंत आहे.

मग तिला उचंत खाते समजावून सांगावे लागले. ज्या रकमेचा ठाव लागत नाही ती दडपायची नाही, भलत्याच्या नावावर टाकायची नाही, उचंतला लिहायची. तपासनीस आला की पहिल्यांदा तेच पान मागतो, आणि कोणती नोंद किती दिवसांची हे सांगावे लागते. उचंत रिकामे असलेल्या शाखेवर आमचे एक जुने तपासनीस जास्तच संशय घेत. ती बराच वेळ काही बोलली नाही.

परवा गेलो तर तिने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. तुकडीच्या फलकावर 'चालू' आणि 'झाले' यांच्या मधोमध चौथा रकाना आला होता, मराठीत लिहिलेला: उचंत. तुकडीतल्या हैदराबादच्या मुलाने पहिल्याच दिवशी "ये उचंत क्या है?" म्हणून विचारले होते. शुक्रवारपर्यंत त्या रकान्यात अकरा चिठ्ठ्या जमल्या होत्या. त्यातल्या चार त्याच्याच. सोमवारी साहेब तो रकाना पाहणार होते.